काटा कोण वाचणार?

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: श्रीमती चारुलता हरिहर कुलथे, वय ७१, टेलिफोन खात्यातून सेवानिवृत्त, राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी.

मी, वर नाव लिहिलेली चारुलता, आज गुरुवारी, रस्त्यापलीकडची पत्रे ठोकणारी प्रेस बंद असताना आणि डोके शांत असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. स्मरणशक्ती इतकी शाबूत आहे की ती थोडी कमी असती तर एकदोन नातेवाइकांना बरे वाटले असते. हृदयाचा त्रास आहे. डाव्या डोळ्याच्या मध्यभागी एक धुरकट डाग आहे आणि उजवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बेताचाच आहे, म्हणून हा मजकूर मोठ्या अक्षरात छापून घेतला. तो मी भिंगाने स्वतः वाचला आहे आणि माझे वकील ज्ञानेश टेमगिरे यांनी मोठ्यानेही वाचून दाखवला आहे. कोणी मला धाकदपटशा दाखवलेला नाही, गोड बोलून काही लिहूनही घेतलेले नाही. गोड बोलणारे या घरात कमीच.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. याच मृत्युपत्राचा एक मसुदा मात्र होता आणि तो मी बदलला. का बदलला ते कलम ४ मध्ये आहे. खरे सांगायचे तर त्या कलमासाठीच बाकीची कलमे लिहिली आहेत. वकिलांचे म्हणणे पडले की इतका मजकूर मृत्युपत्रात लागत नाही. मी म्हटले, मरणार मी आहे, मजकूर मी ठरवीन.

कलम १. माझे पती हरिहर करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ते कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. आम्हाला एकच मुलगा, मिहिर. तो हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पत्नी मोनिकासह रावेतला राहतो आणि दिवसाचा बराच भाग कंपनीच्या कॅबमध्ये अडकून काढतो. मुलगा गुणी आहे. फक्त वाद घालताना तो आवाज चढवत नाही, त्यामुळे भांडल्याचे समाधान मिळत नाही.

कलम २. माझा राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि घरातील सामान हे सर्व मिहिरला जावे. फ्लॅटला एक अट जोडली आहे, ती कलम ५ मध्ये आहे. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ सूनबाई मोनिकाला. तिने त्या मोडून नवीन काही घडवले तरी चालेल. मलाही त्या फारशा आवडल्या नव्हत्या, सासूबाईंच्या भिडेने घालत आले.

कलम ३. इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा, ज्यात आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, तो मी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून घेतला. तो माझा स्वकष्टार्जित आहे, त्याच्याशी कुलथे घराण्याचा काडीचाही संबंध नाही. भिंतींना गाद्या आणि गोधड्या ठोकलेल्या आहेत. त्यातल्या दोन गोधड्या माझ्या लग्नातल्या आहेत, त्या काढू नयेत, कारण त्या काढल्या की खोली घुमते.

हा गाळा मी कु. सई बाबुराव शिरसाट, राहणार दापोडी, हिला कायमचा, संपूर्ण मालकी हक्काने देत आहे.

सई माझ्या नात्यातली नाही. म्हणून तिलाच का, हे लिहिणे भाग आहे. तिच्या आई शालनबाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात. सईला जन्मापासून दिसत नाही. ती पहिल्यांदा आली ती एका भजनी मंडळाबरोबर, पेटीच्या साथीला. मंडळी चहा पिऊन गेली आणि ही उठेना. म्हणाली, "काकू, मशीनला हात लावून बघू का?" तेव्हा हरिहर होते. त्यांनी तिचा हात धरून एकेक बटण दाखवले, आणि पुढच्या आठवड्यात कानशीने प्रत्येक बटणाच्या कडेला खाचा पाडून ठेवल्या, म्हणजे बोटाला कळावे की आपण कुठे आहोत. तेव्हापासून सई येत राहिली. आज माझ्या स्टुडिओतले निम्म्याहून अधिक काम तिचे आहे. काही लोक मला सांगतात की मी त्या मुलीवर फार उपकार केले. त्यांना मी बसायला सांगत नाही.

आमच्याकडे येणारे लोक कसे आहेत तेही सांगते, म्हणजे पुढचे समजेल. कंपन्यांतली भजनी मंडळे, गणेश मंडळे, शाळांची स्नेहसंमेलने, आणि निवडणुकीत दोन्ही बाजूंचे उमेदवार, जे एकाच चालीवर एकमेकांविरुद्ध गाणी करून नेतात. बहुतेक रेकॉर्डिंग गुरुवारी, कारण त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी आणि समोरची प्रेस बंद. येणाऱ्यातले बरेचसे आयुष्यभर प्रेसशॉपमध्ये उभे राहिलेले. मशीनवरून ओरडून बोलायची सवय असल्यामुळे ते कानाशी बोलले तरी भिंतीपलीकडे ऐकू जाते. गाताना तर विचारूच नये. अशा लोकांचे गाणे नीट रेकॉर्ड करायचे तर आवाजाला वेसण घालावी लागते. हे काम सईला येते. माझ्यामागे ते तिच्या हातून जाऊ नये, कोणावर न विसंबता ते तिला करता यावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

कलम ४. आता यंत्राबद्दल. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. आपल्याकडे हे नाव घेतले की लोकांना हवेचा आठवतो, हा आवाजाचा. गाणारा जोरात गेला की हा आवाज दाबून धरतो, मग सगळेच थोडे वर घेता येते आणि हळू म्हटलेला शब्द पखवाजाखाली बुडत नाही. किती दाबले ते पुढच्या काचेतला काटा दाखवतो. काटा तीन-चारवर खेळत असेल तर गाणे सुखात आहे. दहाच्या पुढे गेला तर गाणाऱ्याच्या छातीवर कोणीतरी बसले आहे असे समजावे.

हे यंत्र हरिहरांनी घरी बांधले. नकाशा कुठून तरी मिळवला, ट्रान्सफॉर्मर भोसरीत गुंडाळून घेतले, पत्रा ओळखीच्या शेडमध्ये कापला आणि लेथ मशीनला देतात तो हिरवा रंग दिला, कारण तोच डबा उरला होता. माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर ते महिनोन्‌महिने पसरलेले होते आणि त्या काळात या घरात एकही परकर शिवला गेला नाही. पण ते सुरू झाले तेव्हा मी जो आवाज ऐकला तो अजून कानात आहे. टेलिफोन खात्यात दिवसभर माणसांचे आवाजच ऐकत होते मी. चिरके, घोगरे, रडवे, खोटे, सगळे. त्या यंत्रातून आलेला आवाज असा वाटला की माणूस समोर पाटावर बसून बोलतो आहे.

त्याचा एक कडक स्वभाव आहे. रेकॉर्ड करतानाच आवाज त्यातून जातो, आणि एकदा गेला की गेला. जे दाबले ते दाबले, नंतर सोडवता येत नाही.

मिहिरने लॅपटॉपवर सॉफ्टवेअरचा कॉम्प्रेसर आणून दिला आणि तेव्हापासून आमचा वाद सुरू झाला.

"आई, तुझं मशीन एका वेळी एकच आवाज घेतं," तो म्हणे. "यात पखवाज, टाळ, पेटी, प्रत्येकाला वेगळा लावता येतो. आणि चुकलं तर मागे जाता येतं."

"मागे जाता येतं म्हणूनच माणसं लक्ष देऊन गात नाहीत."

"माणसं मशीनकडे बघून गात नाहीत गं. ती तुला घाबरून गातात."

त्याचे ते सॉफ्टवेअर दिसायला देखणे होते. पडद्यावर हुबेहूब यंत्र, तशीच बटणे, काटासुद्धा हलायचा. पण सईचा संगणक पडद्यावरचे शब्द वाचून तिच्या कानात बोलतो, आणि त्या देखण्या चित्रापुढे तो गप्प बसला. "मिहिरदादा, हे मुकं आहे," सई म्हणाली. मिहिरने लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला. हरिहरांच्या यंत्राला निदान खाचा तरी होत्या. मी जिंकले असे मला वाटले, आणि पहिला मसुदा मी त्याच आनंदात सांगितला: यंत्र सईला.

तो मसुदा वकिलांनी माझ्या बैठकीच्या खोलीत वाचला. मिहिर होता, सई होती, शालनबाई होत्या. गाळा आणि यंत्र दोन्ही सईला, हे ऐकून शालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सईच्या कपाळाला मात्र आठी पडली. मी विचारले, काय झाले?

"काकू, तुमच्यानंतर काटा कोण वाचणार?"

इथे आमची कामाची पद्धत सांगायला हवी. बटणांना खाचा आहेत, पण काटा काचेमागे आहे. तो बोटाला कळत नाही. म्हणून इतकी वर्षे आम्ही दोघींनी मिळून एक माणूस केला होता. तिचा हात बटणावर आणि माझी नजर काट्यावर. "किती?" "चार." "आता?" "सहा, कमी कर." गाणारे लोक आमच्याकडे बघून हसायचे, भाजीबाजारात आल्यासारखे वाटते म्हणायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की यंत्र द्यायचे ठरवताना माझ्या डोक्यातच आले नाही की त्यातला निम्मा भाग मी आहे.

वकील म्हणाले, "ठेवू की एखादा माणूस काटा बघायला."

"म्हणजे माझ्याच गाळ्यात, माझ्याच कामासाठी मी कोणाची तरी वाट बघत बसायचं," सई म्हणाली.

शालनबाई घाबरल्या. "ताई देतायत ते घे की गं, नगं कशाला म्हंतीस? त्यास्नी काय वाटंल?"

मला वाटायचे ते वाटले. राग आला. हरिहरांच्या हातची वस्तू, आणि हिला ती नको. त्यानंतरचे काही दिवस मी तिच्याशी कामापुरते बोलले. पण ती जे बोलली ते खोटे नव्हते, आणि तिने जे बोलायचे टाळले ते मला माहीत होते. ते गणराजच्या आईचे गाणे.

गणराज मुसळे चाकणला प्रेसशॉपमध्ये आहे, मूळचा अहमदपूरकडचा. त्यांच्या भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे झाले. त्याच्या आई चिमाबाई गावाहून मुद्दाम आल्या होत्या, एक गौळण म्हणायला. बाई खाली मान घालून, पुटपुटल्यासारखी सुरुवात करतात आणि मग एकाएकी आवाज उघडतात. सईने विचारले, किती? मी म्हटले, चार. तिने परत विचारले. मी परत म्हटले, चार. डोळ्यातला डाग तेव्हा नवीन होता आणि काटा त्याच्या आड गेला होता. मला दिसत होती ती काट्याची सावली. काटा बाराच्या पुढे होता.

आठ दिवसांनी गणराज आला. भांडायला नव्हे, कळवळून.

"काकू, गाणं चांगलं हाय. पन ही आई न्हाई. ती हळू सुरू करती अन् मग घर भरून जातंय. ह्यात पयल्यापासनं शेवटपर्यंत एकसारखंच हाय."

चिमाबाई तोपर्यंत गावी परत गेल्या होत्या. गुडघ्यांमुळे लगेच येणे शक्य नव्हते. आणि यंत्राचा स्वभाव वर लिहिलाच आहे. मिहिरच्या लॅपटॉपवर झाले असते तर माऊसच्या एका टिचकीत ते सोडवता आले असते, हे त्याने एकदाही म्हटले नाही. म्हणाला असता तर मला सोपे गेले असते.

गणराज गेल्यावर मी सईला म्हटले, "माझी नजर चुकली."

"मला ऐकू येत होतं, काकू. आवाज गुदमरत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काटा बघत होतात."

हे तिने अगदी सहज म्हटले. तिचे कान माझ्या कानांपेक्षा तिखट आहेत हे मी चारचौघांत सांगत असते, आणि खोलीत मात्र तिने माझ्या डाग पडलेल्या डोळ्यावर विश्वास ठेवला, कारण तिला लहानपणापासून तेच शिकवले गेले की ज्याला दिसते त्याचे खरे.

मसुदा वाचून झाल्यावर मिहिरने दुसरे सॉफ्टवेअर शोधले. दिसायला अगदी कारकुनी. चित्र नाही, काटा नाही, नुसती नावे आणि त्यांच्यापुढे आकडे. सईचा संगणक ते घडाघडा वाचतो. शिवाय त्याने स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, बराचसा कॅबमध्ये बसून. किती दाबले जाते आहे तो आकडा तो तिच्या एका कानात हळूच सांगत राहतो. मिहिरचे आणि माझे या विषयावर काहीच बोलणे झाले नव्हते. एका गुरुवारी तो आला, जोडणी करून दिली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. त्या दिवशी एका शाळेच्या मुली समूहगीत म्हणायला आल्या होत्या. सईने सगळे रेकॉर्डिंग एकटीने केले. एकदा सहावर गेले ते तिने खाली आणले, एकदा आकडा बरोबर असूनही तिला आवाज आवडला नाही म्हणून तिने तो बदलला. मला कोणी "किती?" असे विचारले नाही. मी मांडीवर हात ठेवून बसले, मग उठून सगळ्यांना चहा केला. मला फार एकटे वाटले, आणि त्याच वेळी वाटले की आता मेले तरी चालेल. दोन्ही खरे आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

पुढे कोणी विचारलेच की यंत्र बरे की सॉफ्टवेअर, तर माझे मत असे. आवाज मला अजून यंत्राचाच आवडतो. त्यात एक ऊब आहे, ती लॅपटॉपमध्ये येत नाही, आणि येते असे मिहिर म्हणत असेल तर त्याने माझ्याशी नंतर वाद घालावा. पण ज्याने काम करायचे त्याला एकट्याने वापरता येईल तीच वस्तू चांगली. मृत्युपत्राचेही बरे आहे, जिवंत असेपर्यंत मागे जाता येते. मिहिरचा हा मुद्दा मला इथे उपयोगी पडला.

राहिला प्रश्न यंत्राचा. सईला नको. मिहिरला विचारले, तो म्हणाला, "आई, ठेवू कुठे?" रावेतच्या फ्लॅटमध्ये खरोखरच जागा नाही. इतकी प्रेमाची वस्तू आणि घ्यायला कोणी नाही, हे ऐकून गणराज आपण होऊन आला.

"आमच्या मंडळाला द्या, काकू. आमच्यात डोळे लय हायत. आई संक्रांतीला येनार हाय. पुन्ना ह्यातनंच गाऊ द्या तिला. आमी बघतो काट्याकडं, समदे."

त्यांच्यात एक फिटर आहे आणि एक वायरमन, त्यामुळे डागडुजीची चिंता नाही. म्हणून सदर हिरवे यंत्र माझ्या मृत्यूनंतर गणराज मुसळे यांच्यामार्फत त्यांच्या भजनी मंडळाला द्यावे. संक्रांतीला मी असले तर ते तेव्हाच नेतील. यंत्र शोभेला मांडून ठेवू नये, निदान गुरुवारी तरी चालू करावे. बटणे लावून द्यायला सईला बोलवावे आणि तिची फी द्यावी. सईने ती घ्यावी. मंडळ देवाचे असले तरी तिची पोटापाण्याची सोय देव वेगळी करत नाही.

कलम ५. लॅपटॉप, वर सांगितलेले सॉफ्टवेअर, माईक, हेडफोन आणि स्टुडिओतील बाकी सर्व सामान सईला. लॅपटॉप बदलला की आतले काहीबाही बदलते आणि जुना प्रोग्रॅम बोलायचा थांबतो, असे मिहिरच सांगतो. सोल्डर मारून ते दुरुस्त होत नाही. म्हणून तो प्रोग्रॅम बोलता ठेवणे ही मिहिरची जबाबदारी, आणि कलम २ मधला फ्लॅट त्याला याच अटीवर दिला आहे. हे कलम ऐकल्यावर सईने लगेच विचारले, "आणि दादाला वेळ नसला तर?" बरोबर आहे. एक काटा काढून दुसरा बसवला असे व्हायला नको. तेव्हा मिहिर तिला तो प्रोग्रॅम लिहायला शिकवत आहे. दर रविवारी बसतात. तिला तो आला असे तिने स्वतः सांगितले की फ्लॅटवरची अट सुटली असे समजावे. मिहिरने सांगून चालणार नाही.

कलम ६. माझे थोरले दीर दौलतराव यांना गाळा त्यांच्या मुलाच्या मोबाइलच्या दुकानासाठी हवा आहे. "त्या पोरीला दिसत नाही, तिला गाळा काय करायचाय?" असे ते माझ्याच घरी, माझाच चहा पीत म्हणाले, आणि सई शेजारच्या खोलीत होती. तिला ऐकू येते हे त्यांच्या लक्षात नसावे. त्यांना गाळ्यात कोणताही हक्क नाही. मात्र त्यांना अगदीच वगळले असे होऊ नये म्हणून स्टुडिओतल्या दोन मोठ्या स्पीकरांची जोडी मी त्यांना देत आहे. त्यांच्या मुलाच्या हळदीला ते स्पीकर नेले होते आणि फाटलेल्या आवाजानिशी परत आणून "आधीपासूनच असे होते" म्हणून ठेवून दिले होते. ते आता त्यांच्याकडे आधीपासूनच असलेल्या अवस्थेत जावेत.

कलम ७. माझ्यामागे दहावे-तेरावे मिहिरला सोसेल तेवढेच करावे. भजन ठेवले तर लाऊडस्पीकर नको. गणराजच्या मंडळाला त्याची गरजही नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील ज्ञानेश टेमगिरे यांनी करावी.

कलम ८. हे कलम बदललेल्या मसुद्यात एका ओळीचे होते.

मिहिरने तो प्रोग्रॅम लिहिला तेव्हा त्याला एक कल्पना सुचली. आकडे सांगणारा संगणकाचा आवाज कोरडा असतो, त्याऐवजी आईचा घालावा. सईला सवय आहे आणि माझ्यामागेही तो राहील. मला ते इतके आवडले की मी नवी साडी नेसून गाळ्यात गेले, जणू काही फोटोच काढायचा आहे. माईकसमोर बसून शून्यापासून वीसपर्यंत आकडे म्हटले. सावकाश, एकेक, टेलिफोन खात्यात नंबर सांगायचे तसे.

सईने ते हेडफोन लावून पूर्ण ऐकले. मग काढून ठेवले.

"काकू, हा आवाज नको."

"का गं? वाईट आलाय?"

"नाही, छान आलाय. पण तुम्ही चार म्हणालात की मी चारच धरणार. मग मला काहीही ऐकू येऊ दे. संगणकाचा आवाज चुकला तर मी त्याला चूक म्हणेन. तुम्हाला नाही म्हणता येणार."

मी हो म्हटले. घरी आल्यावर रडले. पण मुलगी शंभर टक्के बरोबर होती, आणि मला तिच्यात जे घडावे असे वाटत होते ते घडले होते, हेही मला त्याच रडण्यात कळत होते. दुसऱ्या दिवशी मी वकिलांना ओळ सांगितली: "माझ्या आवाजातील आकड्यांचे रेकॉर्डिंग निरुपयोगी असल्यामुळे ते पुसून टाकावे."

बदललेला मसुदा वाचताना मिहिर त्या ओळीवर थांबला. पेन घेऊन त्याने ती खोडली. वकील दचकले, कारण दुसऱ्याच्या मृत्युपत्रात असे खोडायचे नसते.

"आई, ते मला दे."

"तुला कशाला? नुसते आकडे आहेत, शून्य ते वीस."

"असू दे."

"त्यात मी दुसरं काही बोललेली नाही रे."

"माहितीये. मी ऐकलंय." मग खाली बघत म्हणाला, "तू नसलीस की दुसरं काही बोललेलं मला ऐकवणार नाही. आकडे ऐकता येतील."

ती खोडलेली ओळ रद्द समजावी. तिच्या जागी असे वाचावे: शून्य ते वीस हे आकडे, माझ्या आवाजात, यंत्र किंवा सॉफ्टवेअर कोणताही कॉम्प्रेसर न लावता रेकॉर्ड केलेले, माझा मुलगा मिहिर हरिहर कुलथे याला देत आहे. चौदा म्हणताना मला खोकला आला आहे. मी तो भाग पुन्हा म्हणून देते म्हटले होते. तसे करू नये, खोकला तसाच राहू द्यावा, असे त्याचे म्हणणे आहे, आणि मला ते मान्य आहे.

येथवरचे सर्व मी समजून, पटून, स्वतःच्या इच्छेने लिहून ठेवले आहे.

ठिकाण: संत तुकाराम नगर, पिंपरी
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

सही: चारुलता हरिहर कुलथे

आम्ही खाली सह्या करणारे नमूद करतो की चारुलताबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत या कागदावर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर आमच्या सह्या केल्या. त्या पूर्ण शुद्धीत होत्या, सहीच्या आधी त्यांनी वकिलांच्या शुद्धलेखनाची एक चूकही काढली. कु. सई शिरसाट खोलीत हजर होत्या. त्यांना या मृत्युपत्रातून मिळकत मिळत असल्यामुळे त्यांची सही साक्षीदार म्हणून घेतलेली नाही. वकिलांनी आधी सांगितलेले दुसरे कारण लिहू नये, असे बाईंनी बजावल्यामुळे ते लिहिलेले नाही.

साक्षीदार:

१. विजयश्री नाईकनवरे, निवृत्त शिक्षिका, शेजारी, संत तुकाराम नगर, पिंपरी. (सही)

२. संघर्ष ओव्हाळ, कंपनीत नोकरी व तबलावादक, दापोडी. (सही)

डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.